मुलांना घेऊन लांबचा प्रवास आणि सोलापूरचा एक मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर सोलापुरात, सात रस्त्याजवळ. सासरचे निम्मे लोक मुंबईला, नणंद हैदराबादला, भाचा बेंगळुरूला. कुणी कुणाकडेही निघालं तरी रस्ता आमच्या दारावरून जातो, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की मला फोन सुरू होतात. "मामी, मुलं बरोबर आहेत, एक रात्र थांबावं म्हणतोय, काय काय होईल?" या फोनवर जे बोलते तेच इथे सविस्तर लिहिलं आहे. ज्यांचं इथे कुणी नाही, त्यांनाही उपयोग व्हावा.

थांबायचंच तर सोलापूरलाच का?

कारण अंतर बरोबर तुटतं. मुंबईहून सोलापूर साधारण ४०० किलोमीटर, इथून हैदराबाद ३१० च्या आसपास. पुण्याहून निघालात तर २५० किलोमीटर. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि तुळजापूरहून विजापूरकडे उतरणारा महामार्ग इथेच एकमेकांना भेटतात. म्हणजे संभाजीनगरहून हुबळीला जाणाराही इथूनच जातो. रेल्वेचंही तसंच. मुंबई-चेन्नई मार्गावरचं हे मोठं स्टेशन, आणि दिल्लीहून बेंगळुरूला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेससुद्धा इथे थांबते.

मोठी माणसं बारा-तेरा तास गाडीत काढतात. पाच वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, आणि ते त्याचा हट्ट म्हणून नव्हे. सहा-सात तासांनंतर त्याच्या पायांना पळायचं असतं. मुक्काम आपण त्या पायांसाठी करतो आहोत, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

किती वेळ हाताशी ठेवावा?

एक संध्याकाळ, एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. दुपारी तीन-चारला पोचायचं, दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला निघायचं. एवढ्यात मुलांच्या दोन गोष्टी नीट होतात : एक पळायची जागा आणि एक हाताने काहीतरी घडताना बघायची जागा. तिसरी घुसवू नका.

फक्त तीन-चार तास असतील तर सिद्धेश्वर तलाव आणि किल्ला, बस्स.

रेल्वेचं एकच लांबचं तिकीट काढून मध्ये सोलापूरला उतरता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात लोक फसतातही. नियम असा की ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत उतरता येतं, पण पहिला थांबा निघाल्या स्टेशनपासून ५०० किलोमीटरच्या आत घेता येत नाही. मुंबई ते सोलापूर रेल्वेने ४५५ किलोमीटर. म्हणजे मुंबई-चेन्नई तिकिटावर जाताना सोलापूरला थांबा मिळत नाही, पण त्याच मार्गाने चेन्नईहून येताना मिळतो, कारण तिकडून अंतर केव्हाच ५०० च्या वर गेलेलं असतं. दिल्लीकडून येणाऱ्यांनाही मिळतो. उतरल्यावर स्टेशन मास्तरांकडून तिकिटावर शेरा घ्यावा लागतो, आणि उतरण्याचा व निघण्याचा दिवस धरला नाही तर दोन दिवस थांबता येतं. वंदे भारत, राजधानी अशा गाड्यांना ही सोय नाही.

मुलं बरोबर असतील तर माझा सल्ला सरळ आहे : दोन वेगळी तिकिटं काढा. अंतर वाढतं तसा किलोमीटरमागचा दर कमी होतो, त्यामुळे दोन तिकिटांना पैसे थोडे जास्त पडतात. पण पुढच्या गाडीत आपला बर्थ नक्की आहे हे आदल्या दिवशीच माहीत असलं, की प्लॅटफॉर्मवर झोपेला आलेलं मूल कडेवर घेऊन टीसीच्या मागे पळावं लागत नाही.

आणि मुलांचं तिकीट?

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. चेअर कारमध्ये हा अर्ध्याचा पर्याय नसतो. रात्रीच्या प्रवासात आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बर्थ घ्याच. अर्ध्या भाड्यात आईची पूर्ण झोप जाते.

कोणती गाडी मुलांसोबत सोयीची?

मुंबईकरांसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्री निघते, सकाळी सोलापूर. मुलं झोपेतच पोचतात आणि अख्खा दिवस हातात राहतो. मुंबईहून येणारी वंदे भारत दुपारी चारच्या सुमाराला निघून रात्री साडेदहाच्या पुढे पोचते, पुण्याहून येणारी हुतात्माही रात्रीच. त्या गाड्यांनी येणार असाल तर मुलांचं जेवण गाडीतच उरका आणि खोली आधी ठरवून ठेवा. परतीला मात्र दोन्ही गाड्या सकाळी लवकर निघतात, त्यामुळे आदल्या रात्री मुलांना जागवू नका.

उतरायचं कुठे?

रेल्वेने आलात तर स्टेशनच्या जवळ किंवा सात रस्त्याच्या आसपास. दोन्हीकडून तलाव, किल्ला, बाजार रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर. फक्त झोपायचं असेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूमही चालते. आयआरसीटीसीवर तिकिटाच्या पीएनआरवरून मिळते. स्वतःच्या गाडीने आलात तर महामार्गालगतची हॉटेलं सोयीची वाटतात. पण तिथे थांबलात की शहरात यायचा कंटाळा येतो आणि मुलं संध्याकाळभर खोलीत मोबाइल बघत बसतात. शहरात या.

खोली ठरवताना फोनवर तीनच गोष्टी विचारा : लिफ्ट आहे का, गरम पाणी किती वाजता येतं, आणि जादा गादी मिळेल का. पिण्याचं पाणी मुलांसाठी बाटलीचंच ठेवा.

संध्याकाळी मुलांना कुठे न्यावं?

सिद्धेश्वर तलाव. यात दुसरा विचारच नको.

पाचनंतर जा. तलावाच्या मधोमध मंदिर आहे, दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून वाट. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं हे ठिकाण, आणि तेच सोलापूरचं ग्रामदैवत. मोठ्यांनी दर्शन घ्यावं, मुलांना पाण्याकाठी बसवावं. कठड्याशी मात्र हात सोडू नका. माझ्या भाच्याची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा साडेतीन वर्षांची होती. देवळात गेलीच नाही. कठड्याच्या जाळीला नाक लावून अर्धा तास एकाच बदकाकडे बघत उभी होती. बदक पाण्यात डोकं घालायचं, की ही श्वास रोखायची. त्याने डोकं वर काढलं की ही "आला!" म्हणून ओरडायची. सहा तास गाडीत रडलेली पोर ती हीच का, असं तिची आई मला विचारत होती.

तलावाला लागूनच भुईकोट किल्ला. बहमनी काळातला, खंदकाचा, दुहेरी तटबंदीचा. भुईकोट असल्यामुळे चढ नाही, त्यामुळे लहान मुलं, आजी-आजोबा सगळे चालू शकतात. आत बाग आहे, मोकळी जागा आहे, पळायला मुभा आहे. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. मोठ्यांना तिकीट लागतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. संध्याकाळी लवकर बंद होतो, म्हणून आधी किल्ला आणि मग तलाव असा क्रम ठेवा. मोठ्या मुलांना एक काम द्या : भिंतींमध्ये जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत, ते शोधून दाखवायचे. एखाद्या दगडावर मूर्ती आडवी बसलेली दिसते, एखाद्यावर नुसती वेलबुट्टी. मुलं मोजत बसतात. आपल्याला बाकावर टेकायला मिळतं.

चादरीचा कारखाना मुलांना बघता येतो का?

येतो, आणि माझ्या मते सोलापूरला थांबण्याचं खरं कारण हेच. तलाव दुसऱ्या गावातही मिळेल.

पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे कारखाने आहेत. बरेचसे पद्मशाली समाजाच्या लोकांचे, घरात तेलुगू बोलणारे आणि बाहेर आपल्यासारखंच सोलापुरी मराठी. हे काही पर्यटनस्थळ नव्हे, तिथे तिकीट नाही, वेळापत्रक नाही. तुम्ही ज्या दुकानातून चादर घ्याल तिथेच नम्रपणे विचारा, "मुलांना माग दाखवायचा होता, कुठे सोय होईल का?" माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा कुणीतरी घेऊन जातं. जाताना मुलींचे केस बांधा, ओढणी-स्कार्फ काढून ठेवा, आणि मुलाचा हात धरून मागापासून दोन हात लांब उभे राहा. यंत्राचा पट्टा आणि आडवा धागा नेणारा धोटा दोन्ही जोरात चालतात. आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला आत नेऊ नका.

आत गेल्यावर मुलांना वर बघायला सांगा. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. ते जेकार्ड. जिथे भोक तिथे एक धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे खालीच राहतो. त्या भोकांतून खाली मोर उमटतो. भाच्याचा मोठा मुलगा तेव्हा सहावीत होता, शाळेत नुकतंच कॉम्प्युटरचं शून्य-एक शिकला होता. पुठ्ठ्याकडे बोट दाखवून माझ्या कानात ओरडला, "मामीआजी, हे तर कोडिंग आहे!" मागावरचे काका हसले. तेवढ्यात एक धागा तुटला आणि त्यांनी माग थांबवला. दोन बोटांत तुटलेली टोकं धरली, डोळ्यांनी धड न बघताच गाठ मारली, आणि माग पुन्हा सुरू. त्या गाठीला फार तर तीन सेकंद लागले असतील. पोरगं रात्री हॉटेलात टॉवेलचा सुटलेला धागा घेऊन तशी गाठ मारायचा प्रयत्न करत होतं.

कारखाना नाहीच जमला तर?

पुण्याच्या रस्त्यावर केगावला, विद्यापीठाजवळ, विज्ञान केंद्र आहे. आत हात लावून, फिरवून, दाबून बघायच्या गोष्टी आहेत. सात ते तेरा वर्षांच्या मुलांना दीड-दोन तास पुरतं. पुण्याकडे निघणाऱ्यांच्या वाटेवरच पडतं, म्हणून निघायच्या दिवशी ठेवा. सुट्टीचा दिवस आणि वेळ आधी फोन करून विचारा.

एवढं आलोच आहोत तर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर उरकावं का?

तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर ७० च्या पुढे. कागदावर जवळ वाटतं. पण तिन्ही वेगळ्या दिशांना आहेत, आणि रांगेचा वेळ कुणाच्याच हातात नसतो. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तुळजापूरला गर्दी, गुरुवारी अक्कलकोटला.

मी स्वतः हे करून बसले आहे. एका मे महिन्यात मुंबईच्या दोन पुतण्यांना घेऊन सकाळी अक्कलकोट आणि दुपारी तुळजापूर असा बेत केला. लहाना सहा वर्षांचा. परतताना त्याने पाणी मागणं बंद केलं, आणि मला वाटलं तो शांत झोपला आहे. घरी येऊन अंगाला हात लावला तर तापला होता, ओठ कोरडे, आणि दुपारपासून लघवीला गेलाच नव्हता. रात्रभर चमच्या-चमच्याने ओआरएस पाजत बसलो. पहाटे त्याने पुन्हा पाणी मागितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून मी कुणालाही दोन देवस्थानं एका दिवसात सांगत नाही.

एकच निवडा, आणि तेही वाटेवरचं असेल तर. बीड-संभाजीनगरकडे जाणाऱ्यांना तुळजापूर वाटेतच आहे. अक्कलकोटला अन्नछत्रात मुलांना पंगतीत बसून जेवायला फार आवडतं, ते एक कारण मात्र धरण्यासारखं.

हैदराबादकडे जाताना वाटेत काही आहे का?

नळदुर्ग. महामार्गालगत, पाऊण-एक तासावर. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच बंधारा घातला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे : पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, आणि महालाच्या खिडकीतून समोर पाण्याचा पडदा दिसतो. बाकीच्या वर्षात धबधबा नसतो, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर हिरमोड होतो. पायऱ्या अरुंद आणि ओल्या, म्हणून एका मोठ्या माणसामागे एकच मूल. नुसता किल्ला पायी हिंडायचा तर फार मोठा आहे. पाणी महाल बघा आणि निघा.

सोलापूरचं जेवण तिखट. मुलं काय खाणार?

तिखट आहे हे खरं. मटणाचा रस्सा मुलांसमोर ठेवूच नका. पण मुलांजोगं इथे पुष्कळ आहे. सकाळी गाड्यांवर गरम इडली मिळते, पूर्व भागात तर फारच मऊ. ज्वारीची भाकरी आणि दूध, दही-भात, वरण कुठल्याही खानावळीत सांगितलं की देतात. शेंगा पोळी मिळाली तर जरूर घ्या. शेंगदाण्याचं आणि गुळाचं सारण असतं, मुलं एका बैठकीत दोन खातात.

शेंगा चटणी म्हणजे आमची जान. उखळात कुटलेली, बोटाला तेल सुटणारी. मुलांना देताना एक चमचा चटणीला चार चमचे दही. हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, आलात तर हुरडा सोडू नका. शेतावर आगटीत भाजलेली कोवळी कणसं तळहातावर चोळून दाणे काढतात. गरम, गोडसर, तिखटाचा प्रश्नच नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं नाव तुम्ही ऐकलं असेलच.

आणि गाडीत मुलांसाठी कडक भाकरी घ्या. पापडासारखी पातळ, कुरकुरीत, आठवडाभर टिकते. वेफर्सपेक्षा कितीतरी बरी, आणि गाडीत मळमळणाऱ्या मुलाला सुकं काहीतरी चघळायला लागतं त्यालाही चांगली.

उन्हाळ्यात यावं का?

सुट्टी उन्हाळ्यातच असते, तेव्हा येणार तुम्ही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढंच बाहेर पडा. दुपारी खोलीत पडदे ओढून झोप. मुलांनी दर दोन-तीन तासांनी लघवी केली का, हे बघत राहा. पाण्याचा तोच खरा हिशेब. उभ्या गाडीत मुलाला पाच मिनिटंही बसवून ठेवू नका, काच खाली असली तरी.

कोणते दिवस टाळावेत?

संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" हा गजर, आणि होम मैदानावर पाळणे, खेळण्यांची दुकानं. मुलांसाठी याहून मोठी मौज सोलापुरात नाही. पण खोल्या मिळत नाहीत, रस्ते बंद असतात. नुसतं झोपायला थांबायचं असेल तर हे दिवस टाळा. गड्डाच बघायचा असेल तर मुख्य दिवस उलटल्यावर या, पाळणे पुढेही बरेच दिवस असतात. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आषाढी वारीच्या दिवसांत पुण्याहून येणाऱ्या रस्त्यावर वाहतूक वळवतात, तेव्हा दोन तास जास्त धरा.

शाळकरी मुलांना इतिहासाचं काही?

आहे, आणि तोही कोरडा नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने आलात तर मुलांना विचारा, कोणते हुतात्मे? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी इंग्रजांचा अंमल झुगारला, मग शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. त्यांचे पुतळे शहरात एकत्र उभे आहेत. चार नावं, चार वेगवेगळी घरं. मुलाला नावं मोठ्याने वाचायला सांगा, बाकीचं तो स्वतःच विचारेल.

दुसरे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, बत्तीस वर्षांचे असताना. भैय्या चौकात त्यांच्या घरी स्मारक आहे, स्टेशनपासून जवळ. दहा वर्षांपुढच्या मुलांना न्या, लहानांना कळत नाही.

शहरात फिरायचं कसं?

रिक्षा. बसण्याआधी भाडं ठरवा.

मूल आजारी पडलं तर?

१०८ किंवा ११२ ला फोन. शहरात बालरोगतज्ज्ञ भरपूर आहेत, आणि मोठं सरकारी रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, चोवीस तास उघडं असतं. रेल्वेत असताना १३९. मुलाची नेहमीची औषधं, मापाचा चमचा आणि ओआरएसच्या चार पुड्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नव्हे.

चादर घ्यायची तर कशी ओळखायची?

दोन्ही बाजू उलटून बघा. जेकार्डवर विणलेल्या सोलापुरी चादरीत तीच नक्षी मागच्या बाजूला उलट्या रंगात येते, पुढे पांढऱ्या जमिनीवर निळा मोर असला तर मागे निळ्यावर पांढरा. छापलेल्या चादरीची मागची बाजू फिकट असते. हे काम मुलांवर सोपवा, दुकानभर चादरी उलटवतात पण फसत नाहीत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे लेबलही बघून घ्या. लहान मुलासाठी एकेरी चादर घेतलीत तर परतीच्या प्रवासात लगेच उपयोगी पडते.

निघायची वेळ कोणती बरी?

हैदराबादकडे जाणाऱ्यांना सकाळी ऊन समोरून येतं, त्यामुळे नाश्ता करून नऊनंतर निघा. पुण्याकडे दुपारनंतर निघालात तर सूर्य समोर आणि डाव्या हाताला असतो. झोपणाऱ्या मुलाला उजव्या खिडकीशी बसवा, आणि डाव्या काचेत नवी चादर अडकवा.